उंदराचा दात

(दृश्य: डिचोली तालुक्यातील एक कौलारू घर. पावसाने उघडीप दिली आहे.)

पहिला दुधाचा दात पडला की तो मुठीत घट्ट धरून अंगणात यायचे, उंदीरमामाला हाक मारायची आणि ‘माझा दात घे, तुझा दात दे’ असे म्हणत तो कौलांवर भिरकावायचा, ही रीत गोव्यातल्या मराठी घरांमधून अजून गेलेली नाही. मागणी अगदीच भाबडी म्हणता येत नाही, कारण उंदराचे पटाशीचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. गंमत एवढीच, की उंदराला दात एकदाच येतात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी दुसरे येणे हा प्रकार त्याच्याकडे मुळी नाहीच. दात घडतो कसा, या एका प्रश्नात आयुष्य घालवणाऱ्या फिनलंडच्या संशोधक इर्मा थेस्लेफ यांनीही उत्तर मागितले ते उंदराकडेच.

थेस्लेफ मूळच्या दंतवैद्य. हेलसिंकी विद्यापीठात लाउरी साक्सेन हे गर्भातल्या मूत्रपिंडाच्या घडणीचा अभ्यास करीत होते आणि शेजारशेजारच्या दोन ऊती एकमेकींना कामाला कशा लावतात, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा मुख्य विषय होता. 1970च्या दशकात थेस्लेफ यांनी तिथे हाच प्रश्न दाताला लावला.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचेची बशी.)

काम अतिशय नाजूक. उंदराच्या गर्भाच्या जबड्यातून मिलिमीटरहूनही लहान दंतांकुर बारीक सुयांनी सोडवायचा, विकराच्या द्रावणात ठेवून त्याचा वरचा थर खालच्या ऊतीपासून अलगद सुटा करायचा, आणि धातूच्या जाळीवर पसरलेल्या गाळणकागदावर ते तुकडे दिवसचे दिवस जगवायचे. सुई जरा घसरली तर त्या दिवसाची मेहनत फुकट.

बांबोळीच्या दंत महाविद्यालयात नव्याने आलेला विद्यार्थी कळी, टोपी आणि घंटा या दाताच्या अवस्था गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी वहीत काढतो. या आकृत्या जुन्याच आहेत. कळीची टोपी कोणाच्या सांगण्यावरून होते, ते मात्र त्यांत दिसत नाही. 1993 साली थेस्लेफ यांच्या गटाने बीएमपी-4 या प्रथिनात भिजवलेले इवलेसे मणी सुट्या केलेल्या खालच्या ऊतीवर ठेवले, तेव्हा वरचा थर तिथे नसतानाही मण्याभोवतीच्या पेशींमध्ये दात घडवणारी जनुके जागी झाली. वरचा थर जो निरोप देतो, त्याचा निदान एक शब्द तरी हाती लागला होता.

पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. टोपीच्या मधोमध पेशींचा एक दाट पुंजका असतो, त्याला एनॅमल नॉट, म्हणजे एनॅमलची गाठ म्हणतात. ही गाठ जुन्या अभ्यासकांनीही पाहिली होती, पण ती करते काय, हे कळत नव्हते. 1994 मध्ये युक्का येर्नवाल, थेस्लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की गाठीतल्या पेशी स्वतः विभागत नाहीत, मात्र शेजारच्या पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्यांच्यातच चालू असते. मधला भाग जागच्या जागी राहतो, भोवतालचा वाढतो, म्हणून थराला घडी पडते, आणि दाढेच्या टोकांचा आराखडा तयार होतो. काम संपले की या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात.

एका फिनिश कुटुंबातील अकरा जणांना किमान आठ कायमचे दात आलेच नव्हते. त्यांच्यापैकी आठ जणांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग किंवा त्याच्या आधीची लक्षणे आढळली. थेस्लेफ यांचा सहभाग असलेल्या 2004च्या अभ्यासाने दोन्हींचे मूळ ॲक्सिन-2 या एकाच जनुकातील बिघाडात दाखवले. दात मोजताना दंतवैद्याने थोडे थांबावे, असे सांगणारा हा शोध आहे.

मात्र या रुग्णांचे नव्हते ते कायमचे दात, आणि तिथेच उंदीर निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या दातासाठी थेस्लेफ यांचा गट दिसायला मुंगसासारख्या असलेल्या फेरेट या प्राण्याकडे वळला, कारण त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दुधाच्या दाताच्या कडेने पेशींची एक पातळ पट्टी सुटी होते आणि तिच्यापासून पुढचा दात घडू लागतो, हे टप्प्याटप्प्याने मांडलेले आहे.

(दृश्य: पुन्हा अंगण. मुलगा जिभेने खालच्या हिरडीतली खाच चाचपतो आहे.)

या मुलाच्या समोरच्या दाताजवळ अशी पट्टी सुटली, तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता.