राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने

श्रोतेहो, नमस्कार. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या सूचनाफलकावर टाचणीने लावलेला शासन निर्णय, म्हणजे आपल्या बोलण्यातला जीआर, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आपल्याला हवी असते ती रक्कम, तारीख किंवा अट; तेवढी वाचून आपण बाजूला होतो. आज मात्र त्या कागदाचा शेवट आपण जरा थांबून वाचणार आहोत, कारण राज्य सरकार कसे बांधलेले आहे, हे त्या शेवटच्या काही ओळींत चांगले दिसते.

मजकूर संपला की एक ठरलेली ओळ येते : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. तिच्याखाली सही असते ती उपसचिवांची, कधी अवर सचिवांची, तर कधी कक्ष अधिकाऱ्यांची. राज्यपालांनी हा कागद बहुधा पाहिलेलाही नसतो. तरीही त्या ओळीत खोटे काही नाही. संविधानाच्या १५४व्या अनुच्छेदाने राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी ठेवला आहे आणि १६६व्या अनुच्छेदानुसार शासनाची प्रत्येक कार्यवाही त्यांच्या नावाने होते. पण १६३व्या अनुच्छेदाने, स्वविवेकाच्या मोजक्या बाबी वगळता, त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखालची मंत्रिपरिषद नेमून दिली आहे. हा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात स्पष्ट केले. राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, त्यांना कोणी मतदान केलेले नसते; म्हणून नाव त्यांचे आणि निर्णय निवडून आलेल्यांचा, अशी ही व्यवस्था आहे.

हे निवडून आलेले तरी कोणाला बांधील असतात? आपल्याकडे मुख्यमंत्र्यांची निवड थेट मतदार करीत नाहीत. विधानसभेच्या २८८ जागांपैकी निम्म्याहून अधिक आमदारांचा पाठिंबा ज्यांच्यामागे आहे, त्यांना राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात आणि संपूर्ण मंत्रिपरिषद विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहते. पाठिंबा आहे की नाही, हे राजभवनात याद्या मोजून नव्हे तर सभागृहात मतदान घेऊन ठरवायचे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने घालून दिला. मंत्री होताना आमदार असलेच पाहिजे असेही नाही. मात्र सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात निवडून यावे किंवा नियुक्त व्हावे लागते. उद्धव ठाकरे यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि ते मे २०२० मध्ये विधान परिषदेवर निवडून आले, तेव्हा ही मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. मंत्र्यांच्या संख्येलाही मर्यादा आहे : २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीपासून ती विधानसभेच्या पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. शेजारच्या गोव्यात सभागृह ४० जणांचे असल्यामुळे पंधरा टक्क्यांचा हिशेब फक्त सहा येतो, पण लहान राज्यांसाठी १२ मंत्र्यांची वेगळी सवलत ठेवलेली आहे. उपमुख्यमंत्री या पदाचा मात्र संविधानात कुठेही उल्लेख नाही, वर्तमानपत्रांत त्याची कितीही चर्चा झाली तरी.

आता त्या सहीच्या थोडे वर या. तेथे बहुधा असे वाक्य असते, की हा शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्या विभागाच्या अमुक अनौपचारिक संदर्भ क्रमांकानुसार निर्गमित करण्यात येत आहे. ‘अनौपचारिक’ या शब्दाने फसू नये. तो क्रमांक मिळवण्यासाठीच नस्ती, म्हणजे त्या विषयाची फाइल, मंत्रालयात महिनोन्‌महिने फिरते. सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितात, ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव आणि सचिव अशी वर चढत मंत्र्यांपर्यंत पोचते. पैशाचा प्रश्न असेल तर ती वित्त विभागात जाते, शंका लागून परत येते, पुन्हा जाते. उशिराला लोक कंटाळतात आणि ते रास्तच आहे. पण या अडवणुकीमागे एक साधे तत्त्व आहे : विधिमंडळाने मंजूर केल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून एक रुपयाही काढता येत नाही, म्हणून खर्चाचा प्रत्येक निर्णय अर्थसंकल्पातील कोणत्या ना कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदराखाली, बसवावा लागतो, आणि जे बसत नाही ते पुरवणी मागण्यांतून सभागृहापुढे न्यावे लागते.

पैशाच्या बाबतीत दोन सभागृहांचा दर्जाही सारखा नाही. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत : ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, पदवीधर आणि शिक्षक यांचे प्रत्येकी सात, आणि राज्यपालांनी नेमलेले बारा. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्च यांच्यापुरते विधेयक, मात्र विधानसभेतच मांडले जाते. परिषद ते फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते. गोव्यात परिषदच नाही आणि तिच्यावाचून तिथले काही अडल्याचे दिसत नाही.

शासन निर्णयाच्या तळाशी ‘प्रत’ या शब्दाखाली एक लांबलचक यादी असते, आणि मला विचाराल तर कागदाचा सर्वांत बोलका भाग तोच. विभागीय आयुक्त (सर्व), जिल्हाधिकारी (सर्व), मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद (सर्व). कंसातल्या त्या ‘सर्व’ शब्दात सहा महसुली विभाग, ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा येतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. जिल्हाधिकारी बहुतेक भारतीय प्रशासन सेवेतले, म्हणजे निवड संघ लोकसेवा आयोगाने केलेली, नेमणूक राष्ट्रपतींची, आणि काम मात्र राज्याच्या मंत्र्यांच्या आदेशाखाली. त्याच यादीत महालेखापालांची मुंबई आणि नागपूर येथील कार्यालये असतात. ती राज्याची नव्हेत, तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची आहेत. राज्याच्या खर्चावरचा त्यांचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवतात.

संघराज्याची आणखी एक खूण कागदावर दिसत नाही, पण तो कशावर निघू शकतो हे तीच ठरवते. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन असे विषय आहेत. शिक्षण आणि वने हे विषय १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत, गेले, आणि त्या सूचीत केंद्राच्या व राज्याच्या कायद्यांचा मेळ बसला नाही तर सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो. प्रवाह उलट्या दिशेनेही वाहिला आहे : महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून ग्रामीण मजुराला कामाचा हक्क दिला, आणि तसा कायदा देशासाठी संसदेने २००५ साली केला.

प्रतींच्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. तिच्या आरंभी बऱ्याचदा राज्यपालांच्या सचिवांचे नाव असते. ज्यांच्या आदेशानुसार व नावाने निर्णय निघाला, त्यांच्या कार्यालयाला तो इतरांसारखाच एक प्रत म्हणून जातो. आणि यादीच्या अगदी शेवटी दोन शब्द असतात : निवड नस्ती. मूळ कार्यासनात, म्हणजे जिथून निर्णय निघाला त्या शाखेत, कपाटात, पुढे कधी विधानसभेत प्रश्न आला तर काढता यावी म्हणून ठेवलेली ती प्रत असते.