डिस्क परत लावून बघू नका

(दृश्य: नवी पेठ, सोलापूर. पहिल्या मजल्यावरचं दुरुस्तीचं दुकान. फोन उचलला जातो.)

"आवाज यायलाय का?"

हार्ड डिस्क बंद पडली म्हणून फोन आला की या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो. किती टीबीची, कुठल्या कंपनीची, बिल आहे का, हे सगळं नंतर. टकटक वाजतंय, घासल्यासारखं वाजतंय, की काहीच नाही? पलीकडून "टकटक करायलंय" असं उत्तर आलं की इकडून लगेच सांगणं होतं, "मग वायर काढा, अण्णा. परत लावून बघू नका. हाय तशी घेऊन या."

तोवर समोरच्यानं पाच-सहा वेळा लावून बघितलेलंच असतं. साहजिक आहे. कित्येक वर्षांचं काम आत आहे आणि ते दिसेना झालंय म्हटल्यावर हात बटणाकडे जाणारच. पण डिस्क बिघडणं हा पहिला अपघात, आणि ती पुन्हा पुन्हा चालू करणं हा दुसरा. दुसराच जास्त महागात पडतो.

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा आवाज. कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर.)

आज टेबलावर असलेली डिस्क चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यातली आहे. मालकांनी ती नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि मुलाच्या गाडीवर मागं बसून मांडीवर धरून आणली. आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता, लाइट सारखी ये-जा करत होती. सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. मे महिन्यातला सोलापूरचा उन्हाळा, पंख्याच्या पात्यांवर थर धरून बसलेली सुताची धूळ आणि अचानक जाणारी वीज, ही तिन्ही डिस्कच्या जिवावर उठणारी आहेत. इथल्या कारखान्यांत तिन्ही एका केबिनमध्ये सापडतात.

त्या एका टीबीत हिशेब आहे, गिऱ्हाइकांची यादी आहे, घरचे फोटो आहेत. आणि डिझाइनं आहेत.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते तिच्या विणीमुळे. जकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. एक कार्ड म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा. भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. अशा शेकडो कार्डांतून चादरीवर नक्षी उमटते. फ्रान्समधल्या लियॉन शहरात जोसेफ मारी जकार यांनी ही रचना 1804 च्या सुमारास उभी केली. पुढे 1890 ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांवर मोजली गेली, तीही भोकं पाडलेल्या कार्डांवरच. हॉलेरिथ यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्यातून आयबीएम उभी राहिली. जगातली पहिली हार्ड डिस्क 1956 मध्ये बाजारात आणली ती याच आयबीएमनं. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून त्यांत सुमारे 50 लाख अक्षरं मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटोसुद्धा तिच्यात बसला नसता.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांतून अजून जकार्डची जुनी कार्डं निघतात. एखादं फाटलं तर विणकराला ते डोळ्यांनी दिसतं, त्याच भोकांचं नवं कार्ड तो पंच करतो. आता डिझाइन कॉम्प्युटरवर काढतात. त्यावरून कार्डं पंच होतात, नाहीतर इलेक्ट्रॉनिक जकार्डला थेट फाइलच देतात. काम सोपं झालं, वेगही वाढला. फक्त नक्षी कुठं फाटली आहे ते आता डोळ्यांना दिसत नाही.

(दृश्य: झाकण काढलेली एक निकामी डिस्क. कॅमेरा तबकडीच्या अगदी जवळ.)

ही डिस्क कायमची गेलेली आहे, म्हणूनच ती उघडून दाखवता येते. आरशासारखी चकचकीत तबकडी, तिच्यावर आडवा येणारा हात, आणि हाताच्या टोकाला तबकडीवरचा डेटा वाचणारं-लिहिणारं, तिळाहून लहान हेड. डेस्कटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या. कडेपाशी हा वेग ताशी सुमारे 130 किलोमीटरवर जातो. एवढ्या वेगात हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर असतं काही नॅनोमीटर. माणसाचा केस जाडीला 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास भरतो.

आता सुताच्या धुळीचा विचार करा. म्हणूनच डिस्क जिथं उघडायची तिथली हवा गाळलेली लागते. अशा कामासाठी जो दर्जा मानतात त्यात एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण 3,520 पेक्षा जास्त चालत नाहीत. नवी पेठेतल्या खोलीत, खिडकीबाहेर रिक्षांची वर्दळ असताना, हे जमणारं नाही. म्हणून इथं डिस्क उघडत नाहीत. हेड पूर्ण गेलं असेल तर तसं सांगून डिस्क पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथं त्याच मॉडेलची, त्याच घडणीची दुसरी डिस्क शोधून तिचे हेड हिला बसवतात. "एकदा उघडून बघा की ओ" असा आग्रह झाला तरी दुकानदार बधत नाहीत. हा नकार मला या धंद्यातलं सगळ्यात मोठं कसब वाटतं.

(दृश्य: टेबलावरची डिस्क. छोटा टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर.)

कारखान्याच्या डिस्कचं काम खालच्या हिरव्या पट्टीपासून सुरू होतं. सहा पाकळ्यांचे बारीक स्क्रू निघतात, सर्किट बोर्ड उलटा होतो. डिस्कच्या पोटाला टेकणारे त्याचे संपर्कबिंदू काळवंडलेले आहेत. दुकानदार शाळेतला पांढरा खोडरबर घेतात आणि एकेक बिंदू हलक्या हातानं घासतात. काळपट थर निघून खालची चकाकी दिसायला लागते. रबराचा कीस ब्रशनं झाडून बोर्ड परत बसतो.

लाइटच्या झटक्यानं बोर्डच जळला असता तर गोष्ट वेगळी होती. बहुतेक बोर्डांवर विजेचा जास्तीचा दाब स्वतःवर घेणारा एक डायोड असतो. झटका आला की तो आपल्यावर घेतो आणि शॉर्ट होतो. मग डिस्क मेल्यासारखी गप्प पडते, आतला डेटा मात्र शाबूत असतो. अशा वेळी लोक ऑनलाइन तसाच बोर्ड मागवून बसवतात, आणि डिस्क तरीही ओळखू येत नाही. कारण बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं भरलेली असतात. जुनी चिप काढून नव्या बोर्डावर बसवली तरच दोघांचं जमतं.

या डिस्कचा बोर्ड ठीक आहे. वीज दिल्यावर ती फिरते, दोनदा टकटकते, थांबते, आणि मग आपलं नाव सांगते. वाचनयंत्राच्या तपासणीत कळतं की चारपैकी एक हेड अशक्त आहे.

(दृश्य: दुकानदार कोरा कागद पुढे सरकवतात.)

इथं दुकानदार मालकांना एक काम देतात. काय काय हवंय ते लिहा, पण ओळीनं. सगळ्यात आधी काय, मग काय. डिस्क मध्येच गेली तर तोवर जे वाचलं तेच हातात राहणार.

मालक पेन उघडतात आणि पहिल्या ओळीत "डिझाइन" लिहितात. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी कागद आपल्याकडे ओढतात, वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात "आईंचे फोटो" लिहितात आणि कागद परत देतात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मालक वाचतात, मान हलवतात, आपल्या ओळीपुढे दोनचा आकडा घालतात.

आता कॉपी सुरू होते. एक टीबीच्या डिस्कवर 512 बाइटचे 195 कोटी 35 लाखांहून जास्त कप्पे असतात. निरोगी डिस्क दोन-तीन तासांत सगळी वाचून होते. आजारी डिस्कला दिवसच्या दिवस लागतात. घाई केली, एकाच खराब कप्प्यावर हेडला पुन्हा पुन्हा आपटायला लावलं, तर ते तिथंच संपतं. म्हणून आधी तीन चांगल्या हेडांचं सगळं वाचून घ्यायचं. त्यातही अडलं की थांबायचं नाही, नोंद करून पुढे उडी मारायची. राहिलेल्या जागांकडे नंतर वळायचं, कधी उलट्या बाजूनं. अशक्त हेडला शेवटी हात लावायचा. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच रीतीनं चालतं, फक्त एकेक हेड निवडायला महागडं यंत्र लागतं.

विंडोजचं स्वतःचं वागणं नेमकं याच्या उलट असतं. आजारी डिस्क जोडली की ते विचारतं, तपासून दुरुस्त करू का? आपण "हो" म्हणतो. मग ते त्याच थकलेल्या हेडांनी सगळी डिस्क घासून काढतं, आणि मोडक्या नोंदी आपल्या समजुतीप्रमाणे खोडून नव्या लिहितं. आवाज करणाऱ्या डिस्कवर या प्रश्नाला "नाही" म्हणा. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवायचा उपायही असाच. बाहेर 42 अंश तापमान, आतून आलेली गार तबकडी. तिच्यावर दव धरतं आणि हेड त्यात उतरतं.

फाइल चुकून डिलीट झाली असेल, फॉरमॅट झालं असेल, तर डिस्क ठणठणीत असते आणि काम बरंच सोपं असतं. फाइल जाते म्हणजे बहुधा यादीतली तिची नोंद जाते, मजकूर तिथंच असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाऊ नये एवढंच सांभाळायचं. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, मात्र विसंबू नका. तिथं ट्रिमची आज्ञा रिकाम्या ठरलेल्या जागा स्वतःहून साफ करून टाकते.

(दृश्य: आकाशातून कोसळणाऱ्या अवशेषांची छायाचित्रं.)

1 फेब्रुवारी 2003. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्यात होते ते कोलंबिया यान परतताना फुटलं. त्यात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची नोंद ठेवणारी हार्ड डिस्क होती. ती जमिनीवर सापडली तेव्हा प्लास्टिक वितळलेलं होतं, बोर्ड जळलेला होता, आत माती गेली होती. तरीही तिच्यातली सुमारे 99 टक्के माहिती परत मिळाली आणि त्यावरचा शोधनिबंध 2008 मध्ये छापून आला. हे जमलं कसं, याच्या कारणांत एक अगदी साधं आहे. यान फुटलं तेव्हा ती डिस्क फिरत नव्हती, म्हणून तबकड्यांवर ओरखडे पडले नाहीत. अंतराळातून पडलेली डिस्क वाचते, आणि टेबलावर टकटकत ठेवलेली डिस्क तासाभरात आपल्याच हेडनं खरवडली जाते. हे ऐकल्यावर तरी बटणावरचा हात मागं यावा असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: दुकानातला पडदा. कॉपीचा नकाशा रंगत जातो.)

तीन हेडांचं वाचन संपतं. अशक्त हेडच्या वाट्याची जागा मोकळी राहिल्यामुळे पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांची चादर दिसते. तीन रुंद हिरव्या पट्ट्या, मग एक राखाडी, पुन्हा तशाच. राखाडी पट्टीत जे पडलं ते अडकलं. फोटो आणि डिझाइनं आकारानं लहान, त्यामुळे ती बहुतेक हिरव्या पट्टीत अख्खी सापडतात, नाहीतर राखाडीत अख्खी हरवतात. मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ मोठा असल्यामुळे तो सगळ्या पट्ट्यांवरून गेलेला आहे आणि ठिकठिकाणी तुटतो.

आईंचे फोटो पहिल्याच फेरीत निघतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला एक आहे. नंदीध्वजांची मिरवणूक मागं, पुढं नऊवारीतल्या सासूबाई, उन्हामुळे डोळे मिचकावलेल्या. सूनबाई तो मोबाइलवर मागून घेतात आणि दुकानातूनच नणंदेला पाठवतात.

मग अशक्त हेड. ते काही काळ वाचतं, अडखळतं, पुन्हा वाचतं. राखाडी पट्ट्या थोड्या भरतात. हिशेबाची फाइल उघडते. आणि मग टकटक सुरू होते, या वेळी थांबत नाही. दुकानदार वीज काढून घेतात. पुढचं पुण्यातल्या प्रयोगशाळेत होऊ शकतं, त्याचा खर्च किती आणि तिथंही काय मिळेल याची खात्री किती, हे ते मालकांना सरळ सांगतात.

मालक हिशेब मांडतात. काही डिझाइनं आलेली नाहीत, पण त्यांच्या चादरी गोदामात आहेत. डिस्क ते पुण्याला पाठवत नाहीत. मिळालेला माल दोन वेगळ्या डिस्कवर घेतात. दुसरी कॉम्प्युटरला जोडून ठेवायची नाही, कारण विजेचा झटका आला तर जोडलेल्या दोन्ही जातात. ती जुळे सोलापूरला मुलीच्या घरी राहणार.

(दृश्य: कारखाना. टेबलावर पसरलेली चादर.)

डिझाइन काढणारा मुलगा चादरीवर भिंग ठेवतो आणि ताण्याचे धागे मोजायला लागतो. शेजारी पडद्यावर चौकटी भरत जातात. एक धागा वर, एक चौकट काळी. मोराची मान झाली आहे, पिसारा दुपारनंतर धरणार आहे. काठाची कार्डं आजोबांच्या पेटीत निघाली, त्यामुळे तेवढं मोजावं लागणार नाही.