ताशा काढून घेतला तर: 'द रेनकोट्स'चा पहिला अल्बम

(दृश्य: नाशिक, गोदाकाठची संध्याकाळ. मुलींच्या ढोलपथकाचा सराव.)

श्रावण सरत आला की नाशिकमध्ये संध्याकाळी फोनवर धड बोलता येत नाही. कुठल्या ना कुठल्या मैदानावर ढोल चालू असतो. या घुमाऱ्यावर तयार झालेला कान सोबत ठेवा. आजची रेकॉर्ड लंडनची आहे, पण तिचे ड्रम्स ऐकायला असाच कान लागतो.

(दृश्य: फिरती रेकॉर्ड, सुई खाली येते.)

नोव्हेंबर १९७९. रफ ट्रेड कंपनीने 'द रेनकोट्स' हा अल्बम काढला. बँडचं नावही तेच. वाजवणाऱ्या चौघी. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेली आना दा सिल्वा गिटारवर, जीना बर्च बेसवर. दोघी लंडनमधल्या हॉर्न्सीच्या कला महाविद्यालयातल्या. व्हायोलिन व्हिकी अ‍ॅस्पिनॉलचं, तिची शास्त्रीय तालीम झालेली. आणि ड्रम्सवर पामोलिव्ह. मूळची स्पेनची, खरं नाव पालोमा रोमेरो, त्याआधी 'द स्लिट्स' या पंक बँडमध्ये वाजवणारी.

रॉकचा नेहमीचा ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) मात्रा मोजत राहतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे कडकडीत आवाजाचा ड्रम, मारतो. पामोलिव्ह झांजांकडे फारशी फिरकत नाही, तिचा जीव टॉममध्ये, म्हणजे घुमणाऱ्या ड्रम्समध्ये. मग लय वरून मोजली जात नाही, खालून घुमते. गाणं मध्येच दामटतं, मध्येच रेंगाळतं. 'यांना वाजवताच येत नाही' असा शेरा अनेकांनी मारला. पथकातून ताशा काढून घ्या आणि नुसते ढोल ठेवा, काय होईल? एकमेकींकडे बघत वाजवावं लागेल. या अल्बमभर तेच चाललंय.

त्यात व्हायोलिन. त्याची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची. गिटारच्या वरच्या तीन तारा १९६, २४७ आणि ३३०. म्हणजे दोन्ही वाद्यं एकाच पट्ट्यात गर्दी करतात. एरवी मिक्सिंग करताना कुणातरी एकाला मागे सारतात. इथे मात्र दोघं एकमेकांवर घासत राहतात. निर्माते मेयो थॉम्पसन, रफ ट्रेडचा संस्थापक जेफ ट्रॅव्हिस आणि बँड यांनी मिळून ध्वनिमुद्रण सांभाळलं, आणि ही घासाघीस पुसून टाकली नाही, हे फार बरं झालं. 'द किंक्स' या ब्रिटिश रॉक बँडचं 'लोला' इथे ऐका, मूळ गाण्याचा डौल कुठल्या कुठे गेलेला आहे.

(दृश्य: स्लॅबची दहा बाय बाराची खोली, भिंतींना गोधड्या, ड्रमसेट.)

हा आवाज स्वतः काढून बघायचा तर आधी हाय-हॅट उचलून खोलीबाहेर ठेवा. नुसतं 'वाजवणार नाही' म्हणून भागत नाही, हात आपोआप तिकडे जातो. मग सोळा इंची फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम. बोल्ट आधी बोटांनी बसवा, नंतर चावीने अर्धा-अर्धा फेरा, दर वेळी समोरासमोरच्या बोल्टांना. एकाच बाजूने पिळत गेलात तर पान तिरकं बसतं आणि एका ठोक्यात दोन सूर निघतात. चामड्याच्या ढोलासारखं हे पावसाळी हवेत ढिलं पडत नाही; पान प्लास्टिकचं असतं.

व्हायोलिनला पिकअप (आवाज उचलून स्पीकरकडे पाठवणारा भाग) लावलात की घूं सुरू होणार. व्हायोलिनच्या पोटातली हवा २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि स्पीकरचा आवाज नेमका तिथे पकडते. तो पट्टा ४-५ डेसिबलने उतरवा, वाजवणारीला स्पीकरसमोरून बाजूला घ्या. गोधड्यांचा इथे उपयोग नाही, त्या वरचे सूर खातात. हा घुमारा खालचा.

अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं आणि थोड्याच काळात पामोलिव्ह बँड सोडून गेली. पुढे 'निर्वाणा' बँडचा गायक कर्ट कोबेन १९९२ मध्ये आपल्या झिजलेल्या रेकॉर्डऐवजी नवी शोधत लंडनमध्ये हिंडला, थेट आना बसायची त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचला. १९९३ मध्ये अल्बम त्याच्या टिपणासह पुन्हा निघाला. (ही हकिगत इतक्यांदा सांगतात, की ड्रम्सबद्दल बोलायचंच राहून जातं.)

(दृश्य: सुई रेकॉर्डच्या मध्याकडे सरकते.)

रेकॉर्डच्या काठावर खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणून शेवटच्या गाण्यात वरचे सूर चिरकतात. या अल्बममध्ये तिथे 'नो लुकिंग' आहे. व्हायोलिन फाटल्यासारखं वाटलं तर सुई ब्रशने मागून पुढे झाडा, सुईवरचं वजन तपासा, पुन्हा लावा. तरीही फाटकंच आलं, तर ते वाजवलंच तसं आहे.