गहाळ झालेली आठ पानं

दृश्य: रेक्याविक बंदर. जुनी कृष्णधवल चित्रफीत.

२१ एप्रिल १९७१. आइसलंडमध्ये शाळांना सुट्टी आहे. रेक्याविकच्या धक्क्यावर हजारो माणसं उभी आहेत, आणि ज्यांना येता आलं नाही ती टीव्हीसमोर बसली आहेत. डेन्मार्कच्या आरमाराचं एक जहाज धक्क्याला लागतं. खलाशी त्यातून जपून खाली आणतात ती जुनी हस्तलिखितं.

त्यातलं एक अगदीच लहान. शाळेच्या वहीएवढं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं, हाताळून हाताळून काळपट पडलेलं. त्याचं नाव 'कोडेक्स रेजियस', म्हणजे राजाची पोथी. ती आइसलंडमध्येच लिहिली गेली, साधारण १२७० च्या दशकात. लेखनिकानं आपलं नाव कुठंही टाकलेलं नाही. १६४३ साली ती बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यांच्या हाती आली, आणि १६६२ साली त्यांनी ती डेन्मार्कच्या राजाला नजर केली. म्हणजे तीनशे नऊ वर्षांनी पोथी घरी परतत होती.

ओडिन, थॉर, फ्रेया, लोकी. उत्तर युरोपातले व्हायकिंग लोक ख्रिस्ती होण्याआधी मानत ते हे देव. यांच्याविषयी आज जगभर जे काही छापलं जातं, त्यातला फार मोठा भाग या पोथीतल्या कवितांवर उभा आहे. पानं किती? ४५. एके काळी ५३ होती. मधली आठ कधीतरी निखळली आणि गेली.

ही आठ पानं लक्षात ठेवा. या देवांवरचं पुस्तक पारखताना ती कामाला येणार आहेत.

दृश्य: पुस्तकाचं दुकान. कपाटात ओळीनं चकचकीत मुखपृष्ठं, बहुतेकांवर हातोडा किंवा कावळा.

सिनेमातला थॉर बघून झाला, व्हिडिओ गेम खेळून झाले, आता खरा धर्म काय होता ते वाचायचंय, असं ज्याला वाटतं तो इथं येऊन उभा राहतो. आणि गोंधळतो. एक पुस्तक म्हणतं, व्हायकिंग लोकांची नऊ सद्गुणांची आचारसंहिता होती. दुसरं म्हणतं, हे रून अक्षरांचे, म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या लिपीचे दगड पिशवीतून काढा आणि भविष्य बघा. तिसऱ्यात ओडिनची रोजची प्रार्थना छापलेली. सगळ्यांचा सूर ठाम. आपल्याला वाटतं, एवढं नक्की सांगतायत म्हणजे कुठंतरी लिहिलेलं असणारच.

अडचण तिथंच आहे. ज्यांनी हा धर्म पाळला, त्यांनी तो लिहून ठेवला नाही. त्यांच्याकडे वेद नव्हते, गाथा नव्हती, पंचांगही नव्हतं. लिपी होती, पण ती दगडावर, लाकडावर चार ओळी कोरण्यापुरती.

दृश्य: थिंगवेलिर, जिथं आइसलंडची लोकसभा उघड्यावर भरायची.

इसवी सन १००० च्या सुमारास याच जागी आइसलंडनं ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. निवाडा करायला नेमला होता थोरगेइर, आणि तो स्वतः जुन्या देवांना मानणारा. हकीकत अशी सांगतात, की तो पांघरूण ओढून दिवसभर आणि रात्रभर पडून राहिला, मग उठला आणि म्हणाला, कायदा एकच असू दे, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. घोड्याचं मांस खायला मात्र चालेल, आणि लपूनछपून जुने यज्ञ केले तर तेही काही काळ चालून जातील. तडजोड म्हणून विलक्षणच. पण ही हकीकत लिहिली आरी थोरगिल्सन यानं, सव्वाशे वर्षांनंतर.

आणि राजाची पोथी तर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनंतरची. आपल्या हिशेबात सांगायचं तर, पानिपताविषयी आजवर कोणी अक्षर लिहिलंच नव्हतं आणि आज कोणीतरी जुन्या ओव्या आणि पोवाडे जमवून पहिल्यांदा लिहायला बसलं, एवढं हे अंतर.

मधल्या काळात एक माणूस भेटतो. स्नोरी स्टुर्लुसन. जन्म ११७९. श्रीमंत, हुशार, राजकारणात मुरलेला, आइसलंडच्या लोकसभेत कायदा सांगणारा अधिकारी. १२२० च्या आसपास त्यानं 'एडा' नावाचा ग्रंथ लिहिला. थॉरचा हातोडा कोणी घडवला, लोकीनं कोणाकोणाला फसवलं, जगाचा शेवट कसा होणार, हे सगळं सलग, गोष्टीवेल्हाळपणे वाचायला मिळतं ते स्नोरीकडे.

पण स्नोरी धर्मग्रंथ लिहीत नव्हता. त्याला काळजी होती कवितेची. जुने दरबारी कवी सोन्याला सोनं म्हणत नसत, 'सिफचे केस' म्हणत, 'फ्रेयाचे अश्रू' म्हणत. चक्रपाणी म्हणजे कोण हे कळायला जशी आधी गोष्ट ठाऊक असावी लागते, तसंच. गोष्टी विसरल्या तर कविता मुकी होणार, म्हणून त्यानं नवकवींसाठी हे पाठ्यपुस्तक रचलं. आणि त्यात बजावून ठेवलं, की ख्रिस्ती माणसानं या देवांवर विश्वास ठेवू नये. प्रस्तावनेत तर हे देव म्हणजे ट्रॉय शहरातून उत्तरेला आलेली माणसं, असं सांगून तो मोकळा होतो. १२४१ साली नॉर्वेच्या राजाच्या मर्जीतून उतरल्यावर त्याला त्याच्याच घराच्या तळघरात मारलं.

मग स्नोरीवर विश्वास ठेवायचा की नाही? माझं मत विचाराल तर, वाचायचा, मन लावून वाचायचा, पण त्याचा हेतू विसरायचा नाही. जे पुस्तक स्नोरीचं नाव न घेता त्याच्या गोष्टी 'प्राचीन व्हायकिंग श्रद्धा' म्हणून खपवतं, ते तिथंच खाली ठेवावं.

दृश्य: वाचनालयातलं टेबल. पुस्तकं एकेक करून उघडली जातात.

सुरुवात मूळ कवितांपासून करा. कॅरोलिन लॅरिंग्टन यांचं पद्य-एडाचं, म्हणजे राजाच्या पोथीतल्या कवितांचं, इंग्रजी भाषांतर १९९६ साली ऑक्सफर्डनं काढलं, २०१४ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. नवी घ्या. पहिलीच कविता 'व्होलुस्पा'. एक द्रष्टी बाई ओडिनला जगाचा आरंभ आणि अंत सांगते. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. मागच्या टिपा वाचून पुन्हा या. त्यानंतरची कविता 'हावामाल'. पाहुणा म्हणून गेलात तर किती बसावं, दारू किती प्यावी, मित्राशी कसं वागावं, असला व्यवहार सांगता सांगता अचानक ओडिन बोलू लागतो, की वाऱ्यात झुलणाऱ्या झाडावर मी नऊ रात्री लटकलो होतो, भाल्यानं घायाळ. याला कोणी आचारसंहिता म्हणत असेल तर त्यानं ती पूर्ण वाचलेली नाही.

स्नोरीसाठी अँथनी फॉक्स यांचं भाषांतर. यात खिशालाही दिलासा आहे. व्हायकिंग सोसायटी फॉर नॉर्दर्न रिसर्च ही १८९२ पासूनची इंग्लंडमधली संस्था. तिनं फॉक्स यांच्या भाषांतरासह आपली कितीतरी प्रकाशनं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. नाशिकमध्ये बसा नाहीतर न्यू जर्सीत, वाचता येतात.

कवितांमध्ये नावांचा महापूर येतो. त्यासाठी हाताशी एक कोश हवा. रुडॉल्फ सिमेक यांचा कोश मूळ जर्मन, १९८४ चा, इंग्रजीत १९९३ साली आला. जॉन लिंडो यांची २००१ ची मार्गदर्शिका जरा सोपी. दोन्हींपैकी एक पुरे. हिल्डा एलिस डेव्हिडसन यांचं १९६४ चं पुस्तक आजही सुरेख वाटतं, फक्त त्यानंतर साठ वर्षं जमीन खणली गेली आहे, हे ध्यानात असू द्या. अभ्यासकांनी मिळून केलेला चार खंडांचा मोठा इतिहास २०२० साली आला. तो विकत घेण्याची वस्तू नव्हे, ग्रंथालयातच गाठावा.

आणि आता ती आठ पानं. पोथीत वीर सिगुर्डची कथा रंगात आलेली असताना कविता तुटते, आणि पुढचं पान उघडतं ते दुसऱ्याच कवितेच्या मध्यावर. मधल्या कथेचा अंदाज येतो 'व्होल्सुंगा सागा' या गद्य ग्रंथावरून, कारण त्याच्या लेखकानं या कविता वाचलेल्या होत्या. चांगलं पुस्तक इथं थांबतं आणि सांगतं: पोथी संपली, यापुढचं सागातून घेतलंय. वाईट पुस्तक सांधा दिसू न देता पुढं निघून जातं. पुस्तक हातात घ्याल तेव्हा मला विचाराल तर हीच जागा आधी उघडून बघा.

दृश्य: गोंदवलेला हात. मनगटावर आठ टोकांचं होकायंत्र.

हे 'वेगविसिर'. व्हायकिंगांचं होकायंत्र म्हणून जगभर गोंदवलं जातं. ते सापडतं 'हुल्ड' नावाच्या आइसलंडी हस्तलिखितात. वर्ष १८६०. आपल्याकडच्या उठावानंतर तीन वर्षांनी. वाईट काही नाही, चिन्ह देखणं आहे. फक्त व्हायकिंग नाही.

पिशवीतल्या रून दगडांचंही तेच. जुन्या वर्णमालेत अक्षरं २४, नंतरच्या व्हायकिंग काळातलीत १६. दुकानात मिळणाऱ्या संचात दगड २५, कारण १९८२ साली राल्फ ब्लम यांच्या पुस्तकाबरोबर एक कोरा दगडही आला. कोरं अक्षर! लिपी बनवणाऱ्याला हे सुचणं अवघड आहे.

काही पुस्तकांत १८ रून दिसतील. ती गिडो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन गृहस्थाची. १९०२ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी असताना आपल्याला ती दिसली, असं तो म्हणे. १९०८ साली पुस्तक निघालं. लिस्टच्या लिखाणात वंशशुद्धीचं खूळ ठासून भरलं होतं, आणि पुढं नाझींच्या एसएस दलाच्या गणवेशावर जी विजेसारखी दोन अक्षरं आली, ती याच वाटेनं. म्हणून पुस्तकात देवांपेक्षा 'रक्त' आणि 'वंश' जास्त येऊ लागले, की ते मिटायचं. यात सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही.

आणि ते नऊ सद्गुण? ती यादी १९७० च्या दशकात, नव्यानं हा धर्म पाळू लागलेल्यांनी केली.

नव्यानं पाळणं हा गुन्हा नव्हे, बरं का. पोथी परत आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ च्या एप्रिलमध्ये, आइसलंडमध्ये 'आउसात्रूआर्फेलागिद' ही संस्था स्थापन झाली. तिचा पहिला प्रमुख स्वेइनब्यॉर्न बेइन्तेइन्सन, मेंढपाळ शेतकरी आणि जुन्या चालीत कवनं म्हणणारा कवी. १९७३ साली सरकारनं तिला धर्म म्हणून मान्यता दिली. आपण जे करतो ते आजचं आहे, हे मान्य करूनही मनापासून करता येतं.

दृश्य: डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय. काचेमागे एक दगडी साचा.

कागद संपतो तिथं माती बोलू लागते. हा साचा जटलंडमधल्या ट्रेंडगॉर्डनचा, दहाव्या शतकातला. एकाच दगडात थॉरचा हातोडा ओतायची जागा आहे आणि ख्रिस्ताचा क्रूसही. कारागिराला दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायची होती. धर्मांतर कसं घडत होतं, यावर शंभर पानांत जे येणार नाही ते या साच्यात आहे. असल्या वस्तूंच्या आधारानं बोलणारं पुस्तक हवं असेल तर नील प्राइस यांचं 'द व्हायकिंग वे' वाचा, २०१९ ची दुसरी आवृत्ती. लोखंडी काठ्यांसह पुरलेल्या बायकांच्या कबरी आणि 'सेइद' नावाची जादू हा त्याचा विषय. पुस्तक जाडजूड आहे, कादंबरीसारखं संपत नाही.

दृश्य: स्वीडन. फ्रोसोन बेट. तळ्याकाठचं पांढरं चर्च.

या बेटाच्या नावातच फ्रेय हा जुना देव आहे. १९८४ साली या चर्चच्या वेदीखाली उत्खनन झालं. तिथं सापडला बर्च झाडाचा कुजलेला बुंधा, आणि त्याच्या मुळांभोवती हाडं. डुकरांची, मेंढ्यांची, हरणांची आणि अस्वलांची. म्हणजे जिथं बळी दिले जात तेच झाड तोडलं, आणि त्याच्या बुंध्यावर वेदी आली.

एडामध्ये या झाडाचा उल्लेख नाही.

चर्च आजही चालू आहे. उन्हाळ्यात इथं लग्नं लागतात.