एका भिंतीची दोन चर्च

ग्रीस. हेलिकॉन पर्वताच्या उतारावरचा होसिओस लुकास मठ. इथे दोन चर्च एकमेकांना खेटून उभी आहेत. आकाराने धाकटं ते देवमाता मरियमचं, थोरलं ते मठाचं मुख्य चर्च. बांधल्याचं साल सांगणारा लेख दोन्हींवर नाही.

ग्रीसमधल्याच थेस्सालोनिकी शहरातल्या पानागिया खाल्केऑन चर्चवर असा लेख आहे. पश्चिमेच्या दारावर ६५३७ हे साल कोरलंय, जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेलं. आपल्या हिशेबाने १०२८. अशी साल ठाऊक असलेली चर्च हाताशी धरायची आणि बाकीच्यांची घडण त्यांच्याशी ताडून पाहायची, ही अभ्यासकांची जुनी रीत.

आता होसिओस लुकासमध्ये वर पाहा. धाकट्या चर्चचा घुमट चार खांबांवर उभा आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या लिप्स मठात ९०७ साली हीच रचना दिसते. पण पुढची कित्येक शतकं बांधणाऱ्यांनी ती सोडलीच नाही! नुसत्या आराखड्यावरून साल ठरवणाऱ्याची फसगत होते ती इथे.

थोरल्या चर्चमध्ये मधे एकही खांब नाही. घुमटाचा भार आठ ठिकाणी वाटून दिलाय, कोपऱ्यांवर कमानी टाकून. खाली उभं राहिलं की डोक्यावरची ती मोकळी जागा अंगावर येते. खिऑस बेटावरच्या नेआ मोनी मठाच्या चर्चमध्येही घुमट असाच आठ आधारांवर पेललाय, आणि ते अकराव्या शतकाच्या मध्यातलं.

मग होसिओस लुकासच्या या दोन चर्चमध्ये आधीचं कोणतं? यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. निकाल लागला तो विसाव्या शतकात, आणि तोही घुमटावरून नव्हे. थोरल्या चर्चच्या आतल्या एका भिंतीवरचे संगमरवरी तक्ते काढले, तर मागे रंग दिसले. चिलखत घातलेला योद्धा, बायबलमधला यहोशवा.

ही भिंत मुळात धाकट्या चर्चची, बाहेरची. चित्र काढलं तेव्हा तिच्यासमोर मोकळं आकाश होतं. नंतर थोरलं चर्च तिला भिडवून बांधलं आणि यहोशवा संगमरवराआड गेला. म्हणजे धाकटं आधीचं, दहाव्या शतकातलं, थोरलं अकराव्यातलं. मला तर घुमटांपेक्षा हा सांधाच जास्त मोलाचा वाटतो.

कॅमेरा थोडा जवळ नेऊ. रंग उडालेत, कडा तुटल्यात. पण यहोशवाची मान अजून वर वळलेली आहे.