गिटार वाजवताना हाताला घाम येतो? पावडर बाजूला ठेवा, आधी हे करा

[कॅमेरा तारांच्या अगदी जवळ]

हा साधा टिश्यू पेपर. ही अकूस्टिक गिटारची पाचवी तार, म्हणजे ए. कागद तारेच्या खालून घातला, चिमटीत धरला आणि ब्रिजपासून (गिटारच्या पोटावर तारा अडकवतात ती पट्टी) नटपर्यंत (नेकच्या, म्हणजे लांब मानेच्या, टोकाची खाचांची पट्टी) एकदाच ओढला. बघा काय आलं. काळी-हिरवट रेघ. वरून तार अजून सोनेरी दिसतेय, कारण घाण सगळी पोटाकडच्या बाजूला आहे आणि तिकडे आपण कधी बघतच नाही.

हा हिरवा रंग तांब्याचा. अकूस्टिकच्या जाड तारांवर जी वेटोळी असते ती तांब्याच्या मिश्रधातूची. पाकिटावर ‘८०/२० ब्राँझ’ लिहिलेलं असतं, पण ते खरं तर पितळच: ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त. पितळेच्या भांड्यात आंबट आमटी रात्रभर ठेवली तर काय होतं हे घरात कुणालाही विचारा. घामात मीठ असतं, थोडं आम्लही असतं, आणि तुम्ही ते रोज तासभर या पितळेवर चोळताय.

[समोरून]

नमस्कार. आज घामेजलेले हात आणि गिटार. घाम बंद कसा करायचा तेही सांगणार आहे, पण शेवटी. कारण बहुतेकांच्या बाबतीत घामापेक्षा जास्त नुकसान घामाला घाबरून केलेल्या गोष्टींनी होतं.

तळहाताचा घाम हा उन्हाचा कमी आणि धास्तीचा जास्त. परीक्षेत पेपर हातात आला की तळवे ओले होतात, तोच हा घाम. म्हणून सी आणि जी हे सोपे कॉर्ड वाजवताना हात कोरडा असतो आणि पुढे एफ, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबायचा अवघड कॉर्ड, येणार म्हटलं की बोटं बुळबुळीत होतात. मग बोट घसरतं. घसरतं म्हणून आपण नेक आणखी आवळतो. आवळलं की हात आखडतो, जीव कासावीस होतो, घाम वाढतो. हे चक्र तोडायची सगळ्यात सोपी जागा घाम नाही, दाब आहे.

एक प्रयोग करा. दुसरी तार, पाचवा फ्रेट (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). बोट तारेवर नुसतं टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडत राहा. आधी ‘टक्’ असा मेलेला आवाज येईल. आता दाब हळूहळू वाढवा. खरखर येईल. आणखी थोडा. खरखर गेली आणि सूर स्वच्छ झाला? थांबा. एवढाच दाब लागतो. यापुढचा सगळा जोर तुम्ही लाकूड दाबण्यात घालवत होतात. बोट फ्रेटच्या धातूला अगदी खेटून, त्याच्या मागे असेल तर हा दाब आणखी कमी होतो; दोन फ्रेटच्या मधोमध असेल तर वाढतो. प्रत्येक तारेवर, रोज दोन मिनिटं, आठवडाभर करा.

आणि तरीही जोर लागत असेल तर दोष तुमच्या हाताचा नसेलही. स्टीलची पट्टी घ्या, बाराव्या फ्रेटवर उभी धरा, फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या तळापर्यंतचं अंतर मोजा. अकूस्टिकला साधारण अडीच मिलिमीटर ठीक. साडेतीनच्या वर गेलं असेल तर कुणालाही घाम फुटेल. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात हे हमखास होतं: लाकूड दमट हवा पितं, गिटारचं पोट फुगतं, त्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि तारा वर येतात. आणखी एक खूण. एफ पहिल्या फ्रेटवर निघत नाही, पण तोच आकार तिसऱ्या फ्रेटवर सहज वाजतो? मग बहुतेक वेळा नटच्या खाचा उंच राहिलेल्या असतात. खाचा घरी कानसून खोल करायला जाऊ नका, एकदा जास्त घासल्या की नटच बदलावा लागतो. दुरुस्तीवाल्याकडे द्या.

[टेबलावर पावडरचा डबा आणि खोबरेल तेलाची बाटली]

आता ही जोडगोळी. तबलावादक हाताला पावडर लावतात, सतारवादक तेलाचा बोळा जवळ ठेवतात, मग आपण का नाही? प्रश्न रास्त आहे, पण वाद्य वेगळं आहे. तबल्याचं कातडं कोरडं, सपाट; पावडर तिथे बसते आणि झटकली की जाते. सतारीची मुख्य तार साधी, गुळगुळीत पोलादी. तेल पुसलं की गेलं. गिटारच्या तिसऱ्या-चौथ्यापासून सहाव्या तारेपर्यंत मात्र वेटोळी आहे, आणि दोन वेढ्यांच्या मध्ये बारीक खाच. पावडर अधिक घाम म्हणजे त्या खाचेत लुकण. तीन दिवसांत तार अशी वाजते जणू कुणी वर बोट ठेवलंय. कॅरमची बोरिक पावडर तर नकोच. खोबरेल तेल पहिल्या दिवशी छान घसरतं, मग त्यावर धूळ बसते, चिकटा होतो, काही आठवड्यांनी वासही येतो.

वाजवण्याआधी एवढंच करा. साबणाने हात धुवा, पाणी गार. गरम पाण्याने कातडी मऊ पडते आणि बोटांच्या टोकांवर कमावलेले घट्टे सोलवटतात. बोटांच्या बेचक्यातही नीट पुसा आणि पाच मिनिटं हात मोकळे ठेवा. क्रीम, लोशन काही नाही. टेबलफॅन असेल तर डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, वारा थेट डाव्या तळहाताखाली जाऊ दे. छताचा पंखा डोक्याला लागतो, नेकमागे दडलेल्या तळव्याला नाही. दमट हवेत घाम आपसूक वाळत नाही, म्हणून वारा अंगावर नको, हातावर हवा.

सॅनिटायझर? स्टेजवर जायच्या आधी चालतं, अल्कोहोल उडून जातं आणि थोडा वेळ हात कोरडा राहतो. पण पूर्ण वाळल्याशिवाय गिटारला हात लावू नका. महागड्या क्लासिकल गिटारवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश असतं आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो. ओल्या बोटाचा ठसा कायमचा उमटेल.

[पिक हातात, जवळून]

उजवा हात. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, घसरून फिरतं, अर्ध्या गाण्यात त्याचं टोक दुसरीकडेच बघत असतं. गुळगुळीत चकचकीत सेल्युलॉइडचं पिक घामात सगळ्यात वाईट. उठावदार खडबडीत नक्षी असलेलं नायलॉनचं पिक घ्या, किंवा हाताला खडूसारखं लागणारं टॉर्टेक्स नावाच्या प्लास्टिकचं. नवीन घ्यायचं नसेल तर आहे त्यावर कंपासच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा ओरखडा, दोन्ही बाजूंनी, फक्त जिथे अंगठा आणि तर्जनी बसतात तिथे. बारीक जाडीच्या पिकला कागदाच्या पंचिंग मशीनने मधोमध भोक पाडलं तरी चालतं. बोटाचं कातडं त्या भोकात किंचित शिरतं आणि पकड बसते. टोकाच्या बाजूला ओरखडे नकोत, तारेवर खरखरतात.

[पुन्हा तारा]

वाजवून झाल्यावरचं काम दोन मिनिटांचं, पण यातच तारांचं आयुष्य आहे. जुन्या बनियनचं सुती कापड, हातभर लांब. एकेक तार कापडाच्या चिमटीत धरायची, वरून आणि खालून दोन्हीकडून, आणि ब्रिजकडून नटकडे ओढत न्यायची. सहाही तारा. मग कापड सगळ्या तारांच्या खालून आडवं घालायचं आणि फ्रेटबोर्ड पुसायचा. शेवटी नेकची मागची बाजू, आणि जिथे उजवं कोपर टेकतं ती बॉडीची कड. उन्हाळ्यात तिथलं पॉलिश सगळ्यात आधी मंद पडतं. कापड आठवड्याला धुवा. त्याच घामट फडक्याने महिनाभर पुसलं तर मीठ पुन्हा तारांवरच जातं.

आणि लगेच बॅगेत कोंबू नका. पंधरा मिनिटं स्टँडवर वाळू द्या, मग बंद करा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की पाकिटावर सांगितलं असेल तसं तापवून पुन्हा वापरा. नुसती जुनी पुडी पडून आहे म्हणजे ती काम करतेय असं नाही, भरली की ती फक्त पुडी असते.

तारा कोणत्या घ्याव्यात? ८०/२० नव्या असताना टणकदार वाजतात, पण घामापुढे लवकर हार मानतात. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबं ९२ टक्के, बाकी कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. त्या जरा जास्त टिकतात. ज्यांचा घाम खरोखर तिखट आहे, ज्यांच्या तारा पंधरवड्यात काळ्या पडतात, त्यांनी कोटेड घ्याव्यात, एलिक्सर किंवा डॅडारिओची एक्सएस. वेटोळीवर पातळ पॉलिमरचं आवरण असतं, घाम धातूपर्यंत पोचतच नाही. दुप्पट-तिप्पट पैसे जातात, पण घामट हातावर टिकतातही तितक्या. ज्याच्या हाताला घामच येत नाही त्याने तेच पैसे खर्च करणं मात्र फुकट. कोटेडवर तेल किंवा क्लीनर फासायची गरज नाही, कोरडं कापड पुरे. आणि पिकने जोरात वाजवणाऱ्यांच्या आवरणाचे पांढरे तंतू निघाले तर घाबरू नका, तो गंज नाही.

तार कधी बदलायची? दिवस मोजू नका. नख तारेच्या पोटावरून फिरवा. फ्रेटच्या जागी खळगे लागले, संपली. पहिल्या दोन बारीक तारा पोलादी असतात, त्यांना गंज चढतो, तोही बहुधा पहिल्या पाच फ्रेटमध्ये, जिथे ओपन कॉर्ड वाजतात. बोट सरकवताना पॉलिश पेपरसारखं लागलं की काढा. ती तार बोटही खाते आणि फ्रेटही. तिसरी खूण कानाची. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा, मग तिथेच दाबून वाजवा. नव्या तारेवर जुळत होतं आणि आता जुळत नाही? घाण सगळीकडे सारखी बसत नाही, म्हणून तार एका जागी जड आणि एका जागी हलकी होते. ट्यूनर कितीही हिरवा दिवा दाखवू दे, कॉर्ड बेसुरीच.

गिटारकडे एक नजर. नेक मागून चकचकीत पॉलिशची असेल आणि अंगठा चिकटत असेल, तर कोरड्या बारीक स्कॉच-ब्राइटने लांबीच्या दिशेने हलके हात मारून ती मॅट करता येते. पण ते परत चमकवणं सोपं नाही, आणि वॉरंटीत असलेल्या किंवा जुन्या मौल्यवान गिटारवर मुळीच करू नका. रोझवूडच्या फ्रेटबोर्डवर फ्रेटच्या कडेला काळी मळी साचते. तारा बदलताना जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ती खरवडा आणि वर्षातून दोनदा फ्रेटबोर्ड ऑइलचे चार-पाच थेंब चोळून लगेच पुसा. मेपलच्या लॅकर केलेल्या बोर्डाला तेल लागत नाही. इलेक्ट्रिक असेल तर ब्रिजच्या सॅडलमधले (ज्यांवर तारा टेकतात ते तुकडे) बारीक ॲलन स्क्रू बघा. तळहाताची कड तिथेच टेकते, घाम तिथेच मुरतो, आणि दोन वर्षांनी ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बदलायला गेलात की स्क्रू फिरत नाही, त्याचं डोकं झिजतं. सहा महिन्यांनी काडीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

[समोरून]

आता घामच थांबवायचा असेल तर. डिओडरंट फक्त वास झाकतो, अँटिपर्स्पिरंट घाम कमी करतं. डब्यावर ॲल्युमिनियमचा क्षार लिहिलाय का ते बघा. तळहातांसाठी त्वचारोगतज्ज्ञ २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण देतात. ते रात्री, पूर्ण कोरड्या हाताला, आणि सकाळी धुवायचं. ओल्या हाताला लावलं की चुरचुरतं, कारण पाण्याशी मिळून आम्ल तयार होतं. तारेने चिरलेल्या बोटाला तर नकोच. त्यापुढे आयन्टोफोरेसिस: पाण्याच्या ट्रेमध्ये हात, मंद विद्युतप्रवाह, वीस-तीस मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर बायकांना हे चालत नाही. बोटॉक्सची इंजेक्शनंही देतात, पण त्याने काही आठवडे चिमटीची ताकद कमी होऊ शकते. डॉक्टरांना तुम्ही गिटार वाजवता हे आधी सांगा. आणि छातीतल्या नसेचं ऑपरेशन हा शेवटचा उपाय. नंतर पाठीला, पोटाला जास्त घाम सुटण्याची तक्रार खूप जण करतात.

लहानपणापासून दोन्ही हातांना येतो, झोपेत येत नाही, तर ते तुमच्या शरीराचं वळण आहे. अचानक सुरू झाला, रात्री कपडे भिजतात, वजन उतरतंय, छाती धडधडतेय, तर गिटार राहू दे, आधी डॉक्टर.

आणि एक गोष्ट इलेक्ट्रिकवाल्यांसाठी, ही गमतीत घेऊ नका. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) अर्थिंगला जोडलेल्या असतात. कोरड्या कातडीचा विरोध जास्त, ओल्या कातडीचा फारच कमी. गणपतीच्या मांडवात किंवा हॉलमध्ये ॲम्पच्या थ्री-पिनला टू-पिनचा जोड लावलेला असतो, माइक दुसऱ्याच बोर्डवरून घेतलेला असतो. ओला हात तारांवर, ओठ माइकला, आणि झटका. ॲम्प आणि साउंड एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवरून घ्यायला सांगा. गाण्याआधी इलेक्ट्रिशियनचा टेस्टर माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारेला लावून बघा. दिवा लागला तर वाजवायचं नाही. बोटांत बारीक झिणझिण्या येत असतील तर त्या घामाच्या नाहीत, गिटार खाली ठेवा आणि आधी बोर्डावरचं बटण बंद करायला सांगा.