पाण्यात दोर झिजतो कुठे?

हा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा दोर. खालच्या टोकाला नांगराचं वजन, वरचं टोक धक्क्याला बांधलेलं. आधी पाण्यातला भाग पाहू. शेवाळ खरवडलं की मूळ निळा रंग दिसतो. कापसाचा किंवा तागाचा दोर इथे केव्हाच कुजला असता, कारण ते तंतू ज्या सेल्युलोजचे बनतात ते जिवाणू खातात. या तंतूवर त्यांचं काही चालत नाही.

आता धक्क्याजवळचा, कायम उन्हातला भाग. नुसतं बोट फिरवलं तरी पांढरट भुकटी हाताला लागते. अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. तंतू ठिसूळ होतो, तुटतो, मग त्याखालचा उघडा पडतो. म्हणूनच उन्हात राहणाऱ्या दोरात काजळी किंवा अतिनीलरोधक मिसळलेलं असलंच पाहिजे.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पीळ उलगडून पेड मोकळे केले. आत मिठाचे खडे आहेत, वाळूही आहे. दोरावर ताण आला की हे कण तंतूंना आतून कापतात. बाहेरून धडधाकट दिसणारा दोर असा आतून गेलेला असतो. गोड्या पाण्यानं धुणं आणि अधूनमधून पीळ उघडून पाहणं, एवढं तरी व्हायलाच हवं.

नायलॉनचा स्वभाव निराळा. ते पाणी शोषतं, फुगतं, मऊ पडतं. ओलं असताना त्याची ताकद साधारण 10 ते 15 टक्क्यांनी घटते. वाळल्यावर बहुतांश परत येते. पॉलिएस्टर मात्र वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा घेत नाही, त्यामुळे ओल्या-कोरड्यानं त्याच्या ताकदीत फरक पडत नाही. त्याला धोका गरम पाण्याचा आणि अल्कलीचा. तिथे पाण्याचे रेणू त्याच्या साखळीतले दुवे, म्हणजे एस्टर बंधच, तोडतात. थंड समुद्रात हीच क्रिया इतकी सावकाश चालते की दशकं निघून जातात.

पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या 0.91 पट, म्हणजे सुटा दोर तरंगतो आणि नेमका उन्हात राहतो. नायलॉन बुडतं. हरवलेलं नायलॉनचं जाळं खोल तळाशी गेलं की तिथे ऊन पोहोचत नाही, पाणीही थंड. अशी जाळी वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतात. ती शोधून वर काढावीच लागतात.